मी लिहिलेला शेरा

“किती आहेत ते सांग, स्वरूपा.”

टेबलावर सात चिंचोके होते. मोजायला सोपे जावेत म्हणून मी ते मुद्दाम सुटे सुटे मांडले होते. समोरच्या बुटक्या लाल खुर्चीवर पाच वर्षांची स्वरूपा डुबल बसली होती. दोन घट्ट वेण्या, हाताची घडी, पाय जमिनीला टेकत नव्हते. ती चिंचोक्यांकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी पुन्हा विचारलं. मग एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून “एक, दोन” अशी सुरुवात करून दिली आणि थांबले. वर्गातली बाकीची मुलं अशा वेळी न राहवून पुढचा आकडा म्हणून टाकत. स्वरूपा गप्प. मी दोन चिंचोके उचलून मुठीत धरले आणि आता टेबलावर किती उरले म्हणून विचारलं. मुठीतला एक निसटून टेबलाखाली गेला. तिची नजर त्याच्यामागोमाग खाली गेली आणि परत माझ्या तोंडावर येऊन थांबली.

पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. बाकीची मुलं हौसामावशींबरोबर अंगणात खेळायला गेली, की मी स्वरूपाला घेऊन बसायची. चिंचोके, रंगीत मणी, लाकडी ठोकळे, चित्रांच्या पट्ट्या. मला तेवीस वर्षं पूर्ण झाली होती. बालशिक्षणाची पदविका पहिल्या वर्गात घेऊन मी कराडच्या त्या बालवाडीत लागले होते, आणि माझ्या मोठ्या गटातली एकोणतीस मुलं जूनमध्ये पहिलीत जाणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अडकली होती ती तिसावी, ही एकच.

त्या मंगळवारी माझा तोल गेला. मी टेबलावर पुढे वाकले, तिची हनुवटी धरली, तोंड चिंचोक्यांकडे वळवलं आणि म्हणाले, “माझ्याकडे काय बघतेस? इकडे बघ. तुला काहीच कसं येत नाही?”

ती रडली नाही. थोड्या वेळानं खुर्चीखाली फरशीवर ओघळ आला. तिला शू झाली होती. तेव्हाही तिनं हाताची घडी सोडली नव्हती.

हौसामावशी, म्हणजे आमच्या बालवाडीच्या सेविका, आल्या आणि तिला घेऊन मागे गेल्या. जाता जाता त्या मला म्हणाल्या, ताई, तुम्ही उगीच जिवाला लावून घेता, काही पोरं अशीच असतात. मला त्यांचा राग आला. स्वतःचाही आला. पण सगळ्यात जास्त राग आला तो त्या मुलीचा, हे आज इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही.

त्याच दुपारी मुख्याध्यापिका बर्गेबाईंनी मला बोलावलं. आमच्या संस्थेची प्राथमिक शाळा त्याच आवारात होती, आणि मोठ्या गटातली मुलं सरळ तिथल्या पहिलीत जात. ज्यांच्याबद्दल शंका असेल त्यांची फेब्रुवारीत तपासणी होई. साताऱ्याहून एक समुपदेशक येत. यंदा ते शुक्रवारी येणार होते आणि त्यांना आधी वर्गशिक्षिकेचा लेखी शेरा हवा होता. बर्गेबाई म्हणाल्या, त्या डुबलच्या मुलीचं काय ते आज लिहून द्या, टपालात टाकते.

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, तेव्हा तर फारच. ‘मुलगी शिस्तीत बसते. परंतु सूचना समजत नाहीत, प्रतिसाद नाही, अंकज्ञान शून्य. बौद्धिक वाढ वयाच्या मानाने सुमारे दोन वर्षे मागे. सामान्य वर्गात ठेवणे मुलीच्या हिताचे वाटत नाही.’ खाली सही केली. हेमांगी शिराळकर.

‘शिस्तीत बसते’ हे मी अभिमानानं लिहिलं होतं. कारण जूनमध्ये आली तेव्हा ती तशी नव्हती. एका जागी ठरत नसे. काही हवं असलं की तोंडानं न सांगता माझा पदर ओढायची, खांद्यावर चापट मारायची, टेबलावर हात आपटायची. सारखे हातवारे. मी तिला चार महिन्यांत वळण लावलं होतं. वर्गात मी “हाताची घडी” म्हटलं, की सगळ्यांत आधी घडी स्वरूपाची पडे, आणि सगळ्यांत शेवटी सुटे. सुटे म्हणजे काय, डबा खायच्या वेळी.

तिचे वडील, विलास डुबल, तिला रोज स्कूटरवरून सोडायला येत. मंडईमागे त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. बोटांना कायम वार्निशचा वास. माणूस सभ्य, पण दाराच्या आत पाऊल टाकत नसे. मी कधी थांबवून विचारलं, तर म्हणत की घरी ती खूप बोलते. मला ते खोटं वाटे. सगळेच आईबाप तसं म्हणतात. मी आईला भेटायला पाठवा म्हणून तीन वेळा चिठ्ठी दिली. एकदा ती आजारी होती, एकदा माहेरी गेली होती, तिसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाई बेफिकीर आहे, आणि पोरीचं जे झालंय त्याचं मूळ तिथे आहे.

मंगळवारी संध्याकाळी मला चैन पडली नाही. शेरा लिहून झाला होता, पण तो ओघळ डोळ्यांपुढून जाईना. बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला मी पत्ता शोधत डुबलांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर मी त्या आईला चार शब्द सुनवायला गेले होते.

गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या. दार अर्धवट उघडं होतं. मी कडी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली, हाक मारली. आत भांडं सरकवल्याचा आवाज येत होता. म्हणजे घरात माणूस आहे आणि ओ देत नाही. माझा पारा चढला. मी दार ढकललं.

दाराकडे पाठ करून एक बाई जमिनीवर बसली होती. पुढ्यात ताटात निवडायची मटकी. तिच्यासमोर गुडघ्यांवर उभी होती स्वरूपा. तिचे हात चालले होते.

मी आयुष्यात कुणाचे हात असे चालताना पाहिले नव्हते. चेहराही त्यांच्याबरोबर चालला होता. भुवया, गाल, खांदे सगळं. ती आईला काहीतरी सांगत होती, आणि क्षणभरानं मला कळलं की ती माझी गोष्ट सांगते आहे. तिनं पाठ ताठ केली, नाकावर चष्मा वर सारल्यासारखं केलं. ती मी होते. मग पुढे वाकून तिनं हवेत एक एक करत सात ठिपके ठेवले. सात बोटं दाखवली. दोन उचलून मूठ मिटली. मुठीतून एक खाली पडला, तो कुठे कुठे घरंगळत गेला ते तिनं मान वाकडी करून दाखवलं. मग ठिपक्यांच्या जागेकडे बोट करून पाच बोटं. मग मूठ दाखवून एक. मग टेबलाखाली एक. मिळून परत सात. आई हसली आणि तिनंही बोटांनी काही विचारलं. त्यावर स्वरूपानं स्वतःची हनुवटी धरून मान झटक्यानं वळवली, आणि माझा तो चेहरा करून दाखवला.

तो चेहरा मी आरशात कधी पाहिला नव्हता.

आईचं हसू गेलं. तेवढ्यात स्वरूपाला दारात मी दिसले. तिचे हात जागच्या जागी थांबले. मग घडी झाली. उजव्या हाताचं बोट सुटून तोंडावर गेलं.

मुलीची नजर बघून आई मागे वळली. मी ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, मी शाळेतली ताई. मग तिला ऐकू येत नाही हे माझं मलाच कळलं. ती उठली. घाबरली होती. पदर सारखा केला, मला बसायला पाट दिला, पाण्याचा पेला आणला. मग माझ्यासमोर उभं राहून तिनं हातांनी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा, सावकाश, विचारलं. मला एवढंच कळलं की प्रश्न आहे आणि तो मुलीबद्दल आहे.

त्या खोलीत दोघींची भाषा येणारं एकच माणूस होतं. आईनं तिच्याकडे वळून खूण केली, की सांग ताईंना. स्वरूपा हलली नाही. मी म्हटलं, “सोड गं हात, बाळा. सांग मला आई काय म्हणते.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जशी टेबलाशी बघायची तशीच. आई तिच्याजवळ बसली, तिचा एक हात हळूच सोडवून खाली ठेवला. हात परत वर गेला. दुसऱ्यांदा सोडवला, पुन्हा गेला. मग त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं रागाचं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला खरोखर कळत नव्हतं, की आपल्या मुलीच्या हातांना काय झालंय.

मी तिथून निघाले ती थेट दुकानात गेले. विलास डुबल एका पंपाच्या मोटरीत तांब्याची तार भरत होते. मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी तार खाली ठेवली नाही, काम करत करतच बोलले. सुनंदाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांनी ते माहीत असून, घरच्यांचा विरोध घेऊन लग्न केलं होतं. मुलीला व्यवस्थित ऐकू येत होतं, बोलता येत होतं. आधीच्या वर्षी ते तिला दुसऱ्या एका बालवाडीत घेऊन गेले, नवराबायको दोघं. तिथे आईचे हातवारे बघून बाईंनी फॉर्मसुद्धा हातात दिला नाही. मुक्याची पोर आमच्याकडे नको, तिच्यासाठी वेगळी शाळा असते, असं म्हणाल्या.

“म्हणून तुमच्याकडं मी एकटा आलो,” ते म्हणाले. “तिला रोज बजावलं, शाळेत आईचं नाव काढायचं नाही. हात करायचे नाहीत. केलेस तर घरी पाठवतील. तिला वाटलं आसंल, तोंड उघडलं की हात पण हलतील. म्हणून दोन्ही बंद केलं तिनं.”

मी म्हटलं की मला सांगायला हवं होतंत.

“तुम्ही ठेवून घेतली असती?”

मी हो म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. मध्ये जरा वेळ गेला, तो त्यांनी मोजला.

गुरुवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी बर्गेबाईंपुढे उभी होते. सगळं सांगितलं आणि शेरा परत मागितला. तो मंगळवारीच टपालात गेला होता. मग मी म्हटलं, मला दुसरा लिहू द्या. बर्गेबाई वाईट नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी मुलांची नाकं पुसली होती. पण कागदावर आलेली गोष्ट त्यांच्या लेखी झालेली गोष्ट होती. त्या म्हणाल्या, “मंगळवारी तुम्ही लिहिता मुलगी दोन वर्षं मागे, गुरुवारी म्हणता हुशार आहे. तुमचं मी कोणतं खरं मानू, हेमांगी?” आणि आई जर मुकी असेल, तर मूकबधिरांच्या शाळेत त्या मुलीची जास्त चांगली सोय होईल, असंही म्हणाल्या. मी सांगून दमले की मुलीला ऐकू येतं. त्या म्हणाल्या, येत असेल, पण ती बोलत नाही ना.

त्या दिवशी वर्गात मी मुलांना सांगितलं की आजपासून हाताची घडी नाही, सगळ्यांनी हात मोकळे ठेवायचे. पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. कुणी कुणाच्या वेण्या ओढल्या, मण्यांचा डबा उलटला, एकाच्या नाकातून रक्त आलं. त्या सगळ्या गोंधळात स्वरूपा भिंतीला पाठ लावून बसली होती, घडी आदल्या दिवसापेक्षा घट्ट. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि जमिनीवर सात चिंचोके मांडले. सात बोटं दाखवली. तिनं डोळे मिटून घेतले. आपल्या घरात जे पाहिलं ते ताईला इथे पकडायचंय, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. मी मणी गोळा करत बसले आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर, ते कळत नव्हतं.

शुक्रवारी मी बर्गेबाईंना न विचारता सुनंदाला घेऊन आले. विलासनी आधी नाही म्हटलं होतं. सुनंदानं त्यांचे हात बाजूला सारले आणि चपला घातल्या.

समुपदेशक सातपुते सर वेळेचे पक्के होते. एका मुलाला बारा मिनिटं. ऑफिसमध्ये त्यांनी चित्रांच्या पट्ट्या मांडल्या होत्या. स्वरूपा त्यांच्यासमोर बसली, त्यांनी अगदी प्रेमानं नाव विचारलं, आणि सहा मिनिटं काहीही झालं नाही. मी मध्ये बोलले. आई बाहेर बसली आहे, तिला आत घ्या, मुलगी तिच्याशी हातांनी बोलते.

“तपासणी मुलीची आहे की आईची?” त्यांनी विचारलं. पण माझा अवतार बघून असेल, त्यांनी परवानगी दिली.

सुनंदा येऊन मुलीशेजारी बसली. तिनं खूण केली, की सरांना उत्तर दे. स्वरूपानं आईकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. परवानगी माझी हवी होती. आणि ती कशी द्यायची ते मला येत नव्हतं. तोंडानं मी कालपासून शंभर वेळा दिली होती आणि तिला ती खरी वाटत नव्हती.

मला बुधवारी तिच्या आईनं विचारलेली एक खूण आठवली. ‘किती?’ असावी. मी दोन्ही हातांची बोटं पसरली आणि हलवली. सातपुते सर माझ्याकडे बघायला लागले. सुनंदानं तोंडावर पदर धरला. स्वरूपाच्या कपाळावर आठी पडली. ती खुर्चीवरून उतरली, माझ्यापाशी आली, तिनं माझं मनगट धरून तळवा वर वळवला, चार बोटं एकेक करून मिटवली आणि माझ्याकडे वर बघून मान हलवली. असं.

मी तसं केलं.

मग ती परत जाऊन बसली आणि तिनं सगळं सोडवलं. वेगळं चित्र कोणतं, मोठं कोणतं, आठातून तीन गेले तर किती. गोष्टीच्या चार पट्ट्या तिनं लावल्या, सर दुसरीकडे बघत असताना. शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून तिनं आईला भराभर काही सांगितलं आणि दोघी हसल्या. सरांनी मला विचारलं, काय म्हणाली ती. मला सांगता आलं नाही. मी तिची वकिली करायला उभी होते आणि मला तिचा एक शब्द कळत नव्हता.

त्यांनी घड्याळ पाहिलं, लिहिलं आणि कागद बर्गेबाईंकडे दिला. दुपारी मी तो वाचला. ‘आईच्या खुणांवर पूर्णतः अवलंबून. आई उत्तरे सुचवते. स्वतंत्र प्रतिसाद नाही. वर्गशिक्षिकेच्या शेऱ्याशी सहमत.’

मी दुसरा शेरा लिहिला, तिसरा लिहिला, सातपुते सरांना पत्र पाठवलं, संस्थेच्या चिटणीसांना भेटले. चिटणीसांनी चहा पाजला. पत्राला उत्तर आलं नाही. बर्गेबाई म्हणाल्या, तपासणी झालेली आहे, आणि आता तुमच्या वर्गात फार आवाज असतो अशी शेजारच्या वर्गाची तक्रार आहे, तिकडे बघा. सोमवारपासून स्वरूपा आली नाही.

मार्चमध्ये विलास डुबल दाखला न्यायला आले. कागदांबरोबर त्यांना शेऱ्याची प्रतही मिळाली होती. ऑफिसच्या पायरीवर मी दिसले तेव्हा त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय. सही वाचता येत होती. तरी त्यांना माझ्या तोंडून हवं होतं. मी लिहिलंय म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आवाज चढवला नाही.

“दोन वर्षं मागं म्हणलंय. कुठनं मोजलं, ताई?”

 ते थांबले, खरोखर उत्तराची वाट बघितल्यासारखे, मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि गेले.

एप्रिलमध्ये मी दोनदा त्यांच्या घरी गेले. सुनंदानं दोन्ही वेळा चहा केला. मला काही खुणा शिकवल्या, माझ्या चुकांना हसली. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, पण दारातून तिनं मला परत पाठवलं नाही. स्वरूपा मात्र मी आले की चप्पल घालून शेजारी निघून जायची. तिसऱ्यांदा मी गेले नाही. पोरीला स्वतःच्या घरातून किती वेळा बाहेर काढायचं.

जूनमध्ये हौसामावशींकडून कळलं की डुबलांनी तिला नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला घालायचं ठरवलंय. मी ठरवलं की आधी जाऊन तिथल्या बाईंना सगळं नीट सांगायचं. आपल्यासारखं त्यांचं व्हायला नको. शाळा सुरू व्हायच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं तिघं आले. स्कूटर नव्हती, चालत आले. विलासनी मला पाहिलं, बायकोला थांबायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. मी कशाला आले ते मी सांगितलं.

“तुम्ही काही सांगू नका,” ते म्हणाले. “आम्ही सांगतो.”

त्यात कडवटपणा नव्हता. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला, ती तार तुम्ही धरू नका, म्हणावं तसं म्हणाले, आणि परत गेले.

पहिलीचा वर्ग रस्त्याच्या बाजूलाच होता. खिडकीला गज होते, झडपा उघड्या. मी निघायला हवं होतं. निघाले नाही. आत एक जाडशा बाई पट उघडून बसल्या होत्या, भोवती पालकांची गर्दी. डुबलांचा नंबर आला तेव्हा विलास मागे राहिले आणि सुनंदा पुढे झाली. तिनं हातांनी बोलायला सुरुवात केली.  बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काही न कळून इकडेतिकडे बघितलं. मी गज धरले.

तेव्हा तो आवाज आला. घोगरा, ठसठशीत, गल्लीत खेळणाऱ्या पोरांवर ओरडून ओरडून तयार झालेला. कुठलं तरी दुसरं मूल बोलतंय असं वाटून मी गर्दीत शोधायला लागले.

“आई म्हणती, मला ऐकू येत नाही पण हिला तुमचं-माझं दोघींचं येतं. आई म्हणती, ही लई बडबड करती, तर मागं बसवली तरी चालंल.”

बाई हसल्या. त्यांनी विचारलं, आणि तू काय म्हणतेस?

“मला पुढं बसायचंय,” तो आवाज म्हणाला.

आठ महिने ती माझ्या वर्गात होती. मला तो आवाज ओळखू आला नव्हता.